तिसऱ्यांदा दाखल करण्यापूर्वी

सांगली जिल्ह्यातून एका भगिनीने लिहिले आहे. त्यांचा धाकटा भाऊ ३६ वर्षांचा आहे, लेथ मशीनवर काम करतो आणि गेली १४ वर्षे दारू पितो. अलीकडची दोन वर्षे तर सकाळी तोंड धुण्याआधी घोट घेतल्याशिवाय त्याचे हात स्थिर होत नाहीत. दोन वेगवेगळ्या व्यसनमुक्ती केंद्रांत तो प्रत्येकी महिनाभर राहून आला. पहिल्या वेळी पाच महिने प्यायला नाही, दुसऱ्या वेळी जेमतेम दीड महिना. पत्नी मुलीला घेऊन माहेरी गेली आहे, आई पैसे तांदळाच्या डब्यात लपवते, आणि शेजारच्या बाईंनी चहातून न सांगता द्यायची एक पावडर आणून दिली आहे. तिसऱ्यांदा त्याला कोठे ठेवावे, ही पावडर द्यावी का, आणि दोन वेळचे पैसे वाया गेल्यावर आता आशा धरण्यात काही अर्थ आहे का, असे त्यांनी विचारले आहे.

ताई, व्यसनमुक्तीच्या कामात समुपदेशक म्हणून मला २६ वर्षे झाली, आणि तुमच्या पत्रात माझे लक्ष सर्वांत आधी एकाच वाक्यापाशी थांबले: तो पाच महिने प्यायला नाही. रोज पिणारा माणूस दीडशे दिवस दारूशिवाय कामावर गेला, जेवला, झोपला, हे वाया गेलेले नाही. पुढच्या उपचारासाठी याहून मोलाची माहिती कोणत्याही तपासणीतून मिळणार नाही. पुढे तुम्हीच लिहिले आहे, की दुसऱ्या महिन्यात ‘आता चांगला आहे, उगीच लिव्हरवर ताण कशाला’ म्हणून गोळ्या बंद केल्या. केंद्र दोनशे किलोमीटर लांब, त्यामुळे फॉलोअपला एकदाच जाणे झाले. आणि सहाव्या महिन्यात चुलत भावाच्या हळदीच्या रात्री त्याने पहिला पेला घेतला. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर या तीन गोष्टींत आहे. कोठे ठेवायचे हे ठरवण्याआधी, बाहेर आल्यावर त्याच्यासोबत कोण असणार, किती दिवस असणार आणि कसे असणार, हे ठरवावे लागेल. आणि ते दाखल करण्यापूर्वीच ठरवावे, कारण डिस्चार्जच्या दिवशी घरची माणसे इतकी थकलेली आणि इतकी आनंदात असतात की त्या दिवशी काहीही ठरत नाही.

दारूचे अवलंबित्व हा मधुमेह किंवा रक्तदाबासारखा दीर्घकाळ सांभाळावा लागणारा आजार आहे, ही तुलना केवळ समजुतीसाठी केली जात नाही. २००० साली अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात काही संशोधकांनी या आजारांची शेजारी शेजारी मांडणी केली, तेव्हा व्यसनाच्या उपचारानंतर पुन्हा घसरणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ४० ते ६० टक्के दिसले, आणि रक्तदाब किंवा दम्याच्या रुग्णांत आजार पुन्हा उसळण्याचे प्रमाण त्याहून कमी नव्हते. रक्तदाबाची गोळी बंद केल्यावर रक्तदाब वाढला तर आपण गोळी वाया गेली असे म्हणत नाही, गोळी का थांबवली असे विचारतो. तुमच्या भावाच्या बाबतीतही हाच प्रश्न विचारायला हवा.

पावडरीविषयी माझे उत्तर स्पष्ट आहे: देऊ नका, आजच टाकून द्या. अशा पुड्यांत काय असते ते त्यांवर लिहिलेले नसते, आणि ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिराती करून विकल्या जाणाऱ्या औषधांत डायसल्फिराम असण्याची शक्यता गृहीत धरूनच वागावे लागते. हे औषध खोटे नाही; डॉक्टर ते वापरतात. ते पोटात असताना दारू घेतली तर चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब खाली जातो, आणि हृदय किंवा यकृत आधीच कमकुवत असलेल्या माणसाच्या ते जिवावर बेतू शकते. म्हणूनच शेवटच्या पेल्यानंतर पुरेसा वेळ गेल्यावर, यकृताची तपासणी करून आणि माणसाला सगळे समजावून त्याच्या संमतीनेच ते सुरू करायचे असते. तुमचा भाऊ सकाळपासून पितो. त्याच्या चहात हे पडले तर दुपारपर्यंत काय होईल याचा विचारही मला करवत नाही. शिवाय एक दिवस त्याला हे कळणारच, आणि त्यानंतर तुमच्या हातचा चहा तो विश्वासाने घेणार नाही. पुढच्या वर्षभरात तुम्हाला त्याचा हाच विश्वास लागणार आहे.

याइतकाच मोठा धोका दुसऱ्या टोकाला आहे, आणि तो फारसा कोणी सांगत नाही. ‘आजपासून एक थेंब देणार नाही’ म्हणून त्याला घरात कोंडून ठेवू नका. सकाळी हात थरथरतात याचा अर्थ शरीर दारूवर चालते आहे, आणि ती एकाएकी तोडली की सहा-आठ तासांत थरथर, घाम, मळमळ सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भिंतीवर किडे दिसतात, माणसे ओळखू येत नाहीत, ताप चढतो. डॉक्टर ज्याला डीटी म्हणतात ती ही अवस्था, आणि उपचार झाला नाही तर तिच्यात मृत्यू येऊ शकतो. मी अनेक वर्षे दाखल होणाऱ्या माणसांच्या पहिल्या सकाळी त्यांच्याजवळ बसले आहे. चहाचा कप उचलता येत नाही, म्हणून माणूस बशी खाली ठेवून वाकून ओठ तिच्यापर्यंत नेतो, आणि आपल्याकडे कोणी पाहत नाही ना, हे डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघतो. चार-पाच दिवसांनी तोच माणूस कप हातात धरून आपणहून ‘मॅडम, चहा घेतला का’ असे विचारतो. हा फरक क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपामसारख्या, थरथर आणि फिट आवरणाऱ्या गोळ्या मोजून देत, रोज थोड्या कमी करत घडवलेला असतो, आणि त्याबरोबर थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शने दिलेली असतात. थायमिनची गोष्ट लक्षात ठेवा. वर्षानुवर्षे जेवणाऐवजी दारू पोटात गेलेल्या माणसाला अशक्तपणा आला म्हणून नुसते ग्लुकोजचे सलाईन लावले आणि थायमिन दिले नाही, तर मेंदूला इजा होऊन स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. गावातल्या डॉक्टरांकडे नेण्याची वेळ आलीच, तर तो रोज किती पितो आणि शेवटचे केव्हा प्यायला, हे न लाजता आधी सांगा.

ही पहिली पायरी पाच-दहा दिवसांची असते आणि तिला महागड्या केंद्राची गरज नसते. जिल्हा रुग्णालयात किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या मनोविकार विभागात ती नीट होऊ शकते. त्याला पूर्वी फिट किंवा भ्रम झालेला असेल, तर मी रुग्णालयाचाच आग्रह धरीन.

निवासी केंद्र त्यानंतरचे. महाराष्ट्रात या कामाची वाट ज्या संस्थेने रुळवली ती पुण्याची ‘मुक्तांगण’. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांच्या देणगीच्या आधाराने २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ती सुरू केली, तेव्हा पुण्यामुंबईत ब्राउन शुगरने, म्हणजे भेसळयुक्त हेरॉइनने, तरुण मुले पोखरली जात होती. तिथला सुमारे पाच आठवड्यांचा निवासी कार्यक्रम, बरे झालेल्या माणसांनीच नव्याने आलेल्यांना सांभाळण्याची पद्धत, पत्नींसाठीचा ‘सहचरी’ गट आणि गावोगावची पाठपुरावा केंद्रे यांतून आम्ही सगळेच शिकलो. तुम्ही तिथेच जा असे मी म्हणत नाही. जवळचे चांगले केंद्र लांबच्या नामांकित केंद्राइतकेच, आणि तुमच्या बाबतीत कदाचित अधिक, उपयोगी पडेल. पण कोणत्याही केंद्रात गेलात तरी काही गोष्टी तोंडावर विचारा. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे का. मनोविकारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतात आणि रात्री फिट आली तर कोठे नेतात. कुटुंबाला भेटू आणि फोन करू देतात का. आणि डिस्चार्जनंतर वर्षभराचा फॉलोअप कसा आहे, त्याच्या तारखा आत्ताच मिळतील का. शेवटच्या प्रश्नावर ‘लागेल तेव्हा फोन करा’ एवढेच उत्तर आले, तर इमारत कितीही चकचकीत असो, मी तिथून परत फिरेन.

गाडी पाठवून माणसाला झोपेतून उचलून नेणारी केंद्रेही आहेत, आणि हतबल झालेली कुटुंबे त्यांना पैसे देतात. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात दारू आणि अमली पदार्थांशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश आहे. संमतीशिवाय दाखल करायचे तर नामनिर्देशित प्रतिनिधीचा, म्हणजे रुग्णाच्या वतीने बोलण्यासाठी कायद्यानुसार नेमलेल्या माणसाचा, अर्ज लागतो, एका मनोविकारतज्ज्ञासह दोघांनी स्वतंत्रपणे तपासावे लागते, आणि तेही ठरावीक परिस्थितीत आणि मर्यादित मुदतीसाठी. साखळीने बांधण्याला या कायद्याने पूर्ण बंदी आहे. मारहाण करून दारू सुटत नाही. मार खाऊन आलेली माणसे मी पाहिली आहेत, आणि त्यांची दारूआधी माणसांविषयीची भीती उतरवावी लागते.

आता ज्या भागासाठी मी हे उत्तर लिहायला घेतले, त्याकडे येते. तो घरी येईल तो दिवस उपचार संपल्याचा नसेल, खरी अडचण तिथून सुरू होईल. केंद्रात सकाळी सहाला घंटा होते, प्राणायाम होतो, गटात बोलणे होते, भोवती सगळे त्याच्यासारखेच असतात. घरी संध्याकाळी सात वाजता तो एकटा पलंगावर बसलेला असतो, वर्कशॉपमधले मित्र ज्या वेळी नाक्यावर जमतात तीच ती वेळ, आणि त्या तासाचे काय करायचे हे त्याच्या शरीराला माहीत नसते. म्हणून पहिल्या तीन महिन्यांचे सातचे तास आधी भरून ठेवा. दारू सोडलेली आणि सोडू पाहणारी माणसे एकमेकांना आधार द्यायला जिथे जमतात, त्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या, म्हणजे एएच्या मराठी मीटिंग सांगलीत, मिरजेत किंवा जवळपास कोठे आणि कोणत्या वारी होतात, ते आजच शोधा. एएची सुरुवात १९३५ साली अमेरिकेत झाली, आणि आज महाराष्ट्रात शाळांच्या वर्गांत, चर्चच्या सभागृहांत तिच्या मीटिंग भरतात. फी नसते, आडनाव विचारत नाहीत, आणि ज्याने पंधरा वर्षे दारू घेतलेली नाही तोही आपले नाव सांगून ‘मी बेवडा आहे’ अशीच सुरुवात करतो. आमच्या क्षेत्रातल्या काही शिकल्यासवरलेल्या लोकांना हे सारे भाबडे वाटत असे. परंतु २०२० साली कोक्रेन या नामवंत संस्थेने २७ अभ्यास एकत्र पारखले, त्यांत दहा हजारांहून अधिक माणसे होती, आणि दारूपासून सलग दूर राहण्याच्या बाबतीत एए आणि तिच्याकडे नेणारे शिस्तबद्ध उपचार इतर मानसोपचारांच्या तोडीस तोड किंवा सरस ठरले. पहिले नव्वद दिवस रोज मीटिंग, असा त्यांचा प्रघात आहे. गावाकडे रोज मीटिंग नसते, तिथे आठवड्यातून दोन मीटिंग आणि उरलेल्या दिवशी एका जुन्या सभासदाला फोन, असे बांधता येते. तो फोन आईने किंवा तुम्ही करायचा नाही, त्यानेच करायचा.

गोळ्यांचेही तसेच. दारूची ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्सोन, ॲकॅम्प्रोसेट यांसारखी औषधे आहेत. यकृत खराब असेल तर बॅक्लोफेनचा विचार करतात, मूत्रपिंड बिघडले असेल तर ॲकॅम्प्रोसेट जपून द्यावे लागते. कोणते, किती आणि किती काळ, हे मनोविकारतज्ज्ञ ठरवतील, पण ‘किती काळ’ याचे उत्तर बहुधा महिन्यांत असते, आठवड्यांत नसते. लिव्हरवर ताण नको ही तुमची काळजी खरी आहे. तिचा मार्ग रक्ततपासणी करून डॉक्टरांना विचारण्याचा आहे. गोळीपेक्षा दारूने त्या लिव्हरवर किती ताण आला, ते तुम्ही १४ वर्षे पाहिले आहे. गेल्या वर्षी एका घरात मला फार साधी पद्धत दिसली: सकाळी चहानंतर वडील मुलाच्या तळहातावर गोळी ठेवत, दोघे मिळून पाणी पीत, आणि मुलगा स्वतः भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला बारीक टिंब काढी. ‘तोंड उघडून दाखव’ वगैरे काही नव्हते. ऑगस्टचे पान उलटताना त्या मुलाने टिंबे मोजली, तेव्हा मी तिथे होते.

हळद, बारसे, यात्रा, पगाराचा दिवस, ओव्हरटाइमचे पैसे आणि, ऐकायला विचित्र वाटेल, फार आनंदाचा दिवस, हे सगळे त्याच्यासाठी धोक्याचे दिवस आहेत. ते कॅलेंडरवर आधीच खूण करून ठेवावेत आणि प्रत्येकासाठी त्याच्याशी बोलून बेत ठरवावा: हळदीला जायचेच असेल तर जेवून निघायचे, सोबत न पिणारा माणूस असेल, आणि परतायला स्वतःची गाडी असेल. पहिल्या वर्षी काही समारंभांना तो गेला नाही तर नातेवाइकांचे बोलणे तुम्ही अंगावर घ्या. पगार काही महिने थेट पत्नीच्या किंवा आईच्या खात्यात जावा, पण त्याच्या संमतीने आणि त्याच्यासमोर हिशेब ठेवून. तांदळाच्या डब्यात लपवलेले पैसे त्याला सापडतात, आणि ते शोधण्यात त्याला एक प्रकारची कामगिरी वाटू लागते.

आणि तरीही एखादे दिवशी तो घेईल, ही शक्यता आहे. त्या रात्री काय करायचे तेही लिहून ठेवा. त्या रात्री बोलायचे नाही. सकाळी लवकर फोन केंद्राला आणि एएमधल्या त्याच्या मित्राला. चोवीस तासांत डॉक्टरांची भेट. एका दिवसाच्या घसरणीवर त्याच दिवशी हात पडला तर ती बहुतेकदा तिथेच थांबते. ‘गेले पाच महिने पाण्यात’ असे घरात कोणी म्हणाले, की त्यालाही तेच वाटते आणि मग थांबायला कारण उरत नाही. तुमच्या घरी दोन्ही वेळा पहिल्या पेल्यानंतर मदत मागायला किती आठवडे गेले, ते तुम्ही लिहिलेले नाही. ते आठवून पाहा.

वहिनींविषयी थोडे सावकाश बोलावे लागेल. ‘तो सुधारला की ये’ किंवा ‘तू आलीस की तो सुधारेल’ या दोन्ही अटी त्यांच्यावर लादू नका. त्यांच्यावर हात उगारला गेला असेल तर त्यांची आणि मुलीची सुरक्षितता पहिली. त्याची दारू सुटेपर्यंत ती पुढे ढकलता येणार नाही. त्यांना यायचे तेव्हा त्या येतील, आणि कदाचित येणार नाहीत. त्यांच्यासाठी, आईंसाठी आणि तुमच्यासाठी कुटुंबीयांचे गट आहेत. एएच्या धर्तीवर चालणारा अल-अनॉन हा त्यांतला एक. पहिल्यांदा आलेल्या बाया बहुधा अर्धा तास फक्त त्याच्याबद्दल बोलतात: तो काय करतो, काय म्हणतो, कोठे लपवतो. तिसऱ्या-चौथ्या बैठकीला कोणीतरी विचारते, ‘आणि तुम्ही कधी झोपता?’ तेव्हा बराच वेळ कोणी बोलत नाही. त्याची उधारी फेडणे, कामावर ‘ताप आहे’ असा खोटा निरोप देणे, त्याची वांती पुसून सकाळी काहीच झाले नाही असे वागणे, हे तुम्ही प्रेमानेच केले आहे. त्यातले निरोप आणि उधारी मात्र आता थांबवा, आणि थांबवत आहोत हे त्याला सकाळी, तो शुद्धीत असताना, शांतपणे सांगा.

तो तयारच नसेल तर? केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी ‘एम्स’ने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत दिसले, की दारूवर अवलंबून असलेल्या ३८ माणसांमागे एकालाच काही ना काही उपचार मिळाले होते. त्या एकात तुमचा भाऊ दोनदा होता. पूर्णपणे तयार नसलेला माणूस दोनदा महिनाभर राहत नाही. ‘दारू सोड’ या विषयाने सुरुवात करू नका. झोप येत नाही, पाय जळजळतात, मुलीचा फोन येत नाही, यांपैकी जे त्याला स्वतःला सलते, त्यासाठी डॉक्टरांकडे जाऊ म्हणा. दरम्यान तुम्ही एकट्यानेही मदत घेऊ शकता: १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आणि १४४१६ ही मानसिक आरोग्यासाठी फोनवर सल्ला देणारी टेली-मानस सेवा, दोन्ही मोफत आहेत आणि कुटुंबीयांशीही बोलतात. तो जिवाचे बरेवाईट करण्याचे बोलला, तर मात्र ते दारूतले बोलणे समजून सोडू नका. त्याला एकटे न ठेवता त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

आशेविषयी तुम्ही विचारले आहे. माझ्याकडे पाचव्यांदा दाखल होऊन मग सुटलेली माणसे आहेत, आणि पहिल्याच खेपेला सुटलेलीही आहेत. कोणाचे काय होईल हे मला दाखल होताना कधीच ओळखता आलेले नाही. तुमच्या भावाच्या बाजूने हातातले काम आहे, पाच महिन्यांचा अनुभव आहे, आणि त्याच्यासाठी चार पाने लिहिणारी बहीण आहे. या आठवड्यात जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागाची वेळ घ्या, जवळच्या मीटिंगचा वार शोधा, आणि तो शुद्धीत असेल अशा एखाद्या सकाळी त्याला एवढेच विचारा, की त्या पाच महिन्यांत त्याला सर्वांत बरे कशामुळे वाटत होते. त्याचे उत्तर त्याच्याच शब्दांत लिहून मला कळवा. पुढचे नियोजन आपण त्यावरून करू.